ताईने पाठ केलेला नियम

माहेरी तिला सगळे धाकटीच म्हणायचे. चाळिशी उलटली, केस रंगवायची वेळ आली, तरी तिचं नाव कुणाच्या तोंडी बसलं नाही. लग्नानंतर ती नवऱ्यामागून परदेशात आली आणि तिथेच रुजली. नवरा एका बेकरीची गाडी चालवायचा. ती सोफे-खुर्च्यांना कापड चढवणाऱ्या कारखान्यात शिलाईला होती. हात चांगला होता तिचा. पट्ट्यापट्ट्यांचं कापड आलं की मालक ते तिच्याच टेबलावर आणून टाकायचा, कारण बैठकीवरचा पट्टा आणि पाठीवरचा पट्टा एका रेषेत आणण्याची चिकाटी दुसऱ्या कुणात नव्हती.

माहेरी बाबा आणि ताई, एवढेच उरले होते. ताईने लग्न केलं नव्हतं. बाबांना अर्धांगवायूचा झटका आला, तेव्हा धाकटी आणि तिच्या नवऱ्याने इथलं नागरिकत्व घ्यायचं नुकतंच मनावर घेतलं होतं. कायम राहण्याचा परवाना नुकताच हातात आला होता आणि अर्जाआधी त्यावर पाच वर्षं इथे राहिलेलं असणं भाग होतं. कारखान्यात फोम कापणारा एक गडी होता, सगळ्या गोष्टींतलं सगळं कळणारा. त्याने जेवणाच्या सुट्टीत छातीठोकपणे सांगितलं की या पाच वर्षांत देशाबाहेर पाऊल टाकलं, तर मागची सगळी वर्षं पाण्यात. धाकटीने त्याच दिवशी ताईला फोन केला आणि रडत रडत सांगितलं की मला येता येणार नाही. ताईने उलट तिचीच समजूत घातली. तू तुझं बघ, इथे मी आहे, म्हणाली.

इथवर धाकटीची काही चूक नव्हती.

पुढच्या वर्षी कुणीतरी तिला वाचनालयाच्या मागच्या खोलीत पाठवलं. तिथे एक निवृत्त शिक्षिका शनिवारी लोकांना अर्ज भरायला फुकट मदत करायच्या. सगळे त्यांना मास्तरीणबाई म्हणत. मास्तरीणबाईंनी फोम कापणाऱ्याचं म्हणणं ऐकून कपाळाला हात लावला. असं काही नाही, म्हणाल्या. वर्षातून महिनाभर जाऊन आलीस तरी काही बिघडत नाही. एका दमात फार दिवस राहू नकोस आणि तिकिटं जपून ठेव, की झालं. वडील आजारी आहेत ना, मग खुशाल जाऊन ये.

धाकटीने त्यांचे आभार मानले आणि ती बाहेर येऊन बसथांब्यावर उभी राहिली. खरं तर तिला हायसं वाटायला हवं होतं. पण आता न जायला कारणच उरलं नव्हतं.

बाबा बस आगारात कंट्रोलर होते. कडक इस्त्रीचा शर्ट, खिशाला शिट्टी, आणि उशिरा आलेल्या ड्रायव्हरला नुसत्या नजरेने गार करायचे. आता ताई फोनचा कॅमेरा त्यांच्यासमोर धरायची, तेव्हा एका बाजूला ओघळलेलं तोंड दिसायचं, हनुवटीवर लाळ, आणि गळ्याभोवती बांधलेला टॉवेल. धाकटी दोन शब्द बोलायची आणि रेंज नाही म्हणून फोन ठेवायची. तिला त्यांची भीती वाटत होती. किळसही वाटत होती. आणि आपल्याला किळस वाटते, याची इतकी लाज वाटत होती की त्या खोलीत जाऊन उभं राहायची कल्पनाच तिला सोसवत नव्हती.

तरी त्या संध्याकाळी ती ताईला खरं सांगणार होती. पण तिने तोंड उघडायच्या आत ताईच म्हणाली, बाबांना मी तुझा नियम नीट समजावून सांगितलाय, ते मान हलवतात. मग धाकटीने विषय बदलला. पुढच्या महिन्यात सांगणं आणखी जड झालं. त्यानंतर तिला खोटं बोलावंही लागलं नाही. ताईच दर वेळी तिच्या वतीने बोलायची आणि ती नुसतं हूं म्हणायची. मास्तरीणबाईंचं म्हणणं नवऱ्याला माहीत होतं; त्याने एकदा विचारलं, जाऊन येतेस का? ती म्हणाली, कारखान्यात कामाचा रेटा आहे. त्याने तिच्याकडे क्षणभर पाहिलं आणि पुन्हा तो विषय काढला नाही. त्या उन्हाळ्यात दोघं आठवडाभर समुद्रावर राहून आली. तिथला एकही फोटो तिने ताईला पाठवला नाही.

बाबा गेले ते पाचव्या वर्षी. त्यांना नेताना धाकटीने फोनवरच पाहिलं. आता थोडेच महिने राहिलेत, असं ताईच तिला म्हणाली.

मग मोकळी झालेली ताई आयुष्यात पहिल्यांदा तिच्याकडे राहायला आली. निम्मी झाली होती. बाबांना उचलून उचलून उजवा खांदा कामातून गेला होता, फडताळावरचा डबाही तिला काढता येत नव्हता. धाकटीने स्वतःची खाट तिला दिली, सकाळी चहा हातात दिला, जे मागेल ते पुढे केलं. ताई म्हणायची, किती करशील गं. ते ऐकून धाकटीला तिच्याकडे बघवत नसे.

एकदा भाजी निवडता निवडता ताईने काकांची गोष्ट सांगितली. काका दोन गल्ल्या सोडून राहायचे. दर रविवारी वस्तरा घेऊन यायचे आणि भावाची दाढी करून जायचे. एका रविवारी घरात चार नातेवाईक बसलेले असताना ते बोलून गेले की धाकटी बहाणे करते, यायचं असतं तर आली असती. ताईचा आवाज जन्मात कधी चढला नव्हता, तो त्या दिवशी चढला. नियम माहीत नाही तर बोलू नका, म्हणाली, आणि तिने काकांना घराबाहेर काढलं. त्यानंतर काकांनी उंबरा ओलांडला नाही. बाबा गेले त्या दिवशीही ते फाटकापाशीच उभे होते.

"मग दाढी कोण करायचं?" धाकटीने विचारलं.

"मीच. पहिल्या वेळी कापलं त्यांना," ताई म्हणाली आणि पुढची जुडी सोडायला लागली.

धाकटी निवडलेली भाजी घेऊन धुवायला उठली. त्या वेळी बोलायला हवं होतं, हे तिला कळत होतं.

पाच वर्षं भरली. अर्ज देण्याआधी तो मास्तरीणबाईंकडून तपासून घ्यायचा होता. ताई म्हणाली, मीही येते. धाकटीने टाळून पाहिलं. गर्दी असते, तुला कंटाळा येईल, म्हणाली. ताई हसली. या कागदासाठी एवढं सोसलंय, निदान बघू तरी दे. धाकटीने बसची दोन तिकिटं काढली.

मास्तरीणबाई आता बऱ्याच थकल्या होत्या, पण नजर तीच. एकेक पान उलटत त्या प्रवासाच्या रकान्याशी आल्या आणि थांबल्या.

"एकदाही बाहेर गेली नाहीस?"

"नाही."

"अगं, मी सांगितलं होतं ना तुला? याच खुर्चीवर बसली होतीस. खुशाल जाऊन ये म्हटलं होतं. लोक इथे जास्तीचे दिवस झाले म्हणून रडत येतात, आणि तू हक्काचेही वापरले नाहीस." त्यांनी मायेने चष्म्यावरून पाहिलं. "वडील कसे आहेत आता?"

उत्तर ताईने दिलं.

"गेले. सहा महिने झाले."

मास्तरीणबाईंनी एकदा हिच्याकडे पाहिलं, एकदा तिच्याकडे. मग त्या मुळात सरळच असलेले कागद पुन्हा सरळ करत बसल्या. अर्ज बिनचूक आहे, एवढंच त्या म्हणाल्या, तेही हळू आवाजात.

रस्त्यावर ताई पुढे आणि धाकटी चार पावलं मागे, अशा दोघी बसथांब्यापर्यंत आल्या. ताई बाकावर बसली. धाकटी उभीच राहिली.

"तुला माहीत होतं?"

"हो."

"कधीपासून?"

"दुसऱ्या वर्षापासून."

एक बस आली आणि गेली. ताई उठली नाही.

"मला बाबांना तसं बघवत नव्हतं," धाकटी म्हणाली. इतके दिवस तिने मनात जुळवलेल्या कारणांपैकी एवढंच खरं होतं, आणि बोलून झाल्यावर तेही तिला फार लहान वाटलं.

"मलाही बघवत नव्हतं," ताई म्हणाली. मग पिशवीचे बंद सारखे करत, "तू येऊन काही केलं नसतंस तरी चाललं असतं गं. तू आली असतीस तर मी आठवडाभर नुसती झोपले असते."

धाकटीला भर रस्त्यात जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. रडण्याचाही हक्क आपल्याला नाही, असं वाटून तिने ओठ दाबून धरले.

घरी ताई जेवली, तिने भांडीही विसळली. दुसऱ्या दिवशी सकाळी ती म्हणाली, "काकांना फोन लाव. तुझ्या शब्दावर मी त्यांना घराबाहेर काढलं. आता तूच सांग त्यांना."

काकांना कमी ऐकू यायचं. धाकटीने सांगितलं ते त्यांना कळलं नाही. तिने आवाज थोडा चढवून पुन्हा सांगितलं. काय म्हणतेस, मोठ्याने बोल, काका म्हणाले. शेवटी तिला अक्षरशः ओरडून सांगावं लागलं, "मला येता येत होतं, काका. मी आले नाही." शेजारच्या खोलीत नवरा कामावर निघाला होता. एक बूट चढवलेला, दुसरा हातात, तसाच तो बसून राहिला.

"बरं," काका म्हणाले. "ताई आहे का तिथे? तिला दे."

ताई फोन घेऊन खिडकीकडे तोंड करून बसली आणि कितीतरी वेळ बोलत राहिली. मध्येच एकदा हसलीही. धाकटी स्वयंपाकघरात गेली आणि धुतलेले कप पुसत उभी राहिली.

ताई ठरल्या तारखेला परत गेली. चार दिवस आधी नाही, की उशिरा नाही. निघताना तिने धाकटीच्या पाठीवर हात ठेवला, पण तो लगेच काढून घेतला. पुढे नागरिकत्व मिळालं. एका मोठ्या सभागृहात शपथ झाली, लोक एकमेकांचे फोटो काढत होते. धाकटीने नवऱ्याचा काढला आणि तिचा काढायला तो पुढे आला, तर नको म्हणाली. ताईला कळवलं. बरं झालं, ताई म्हणाली, आणि पाण्याच्या टाकीच्या गळतीविषयी सांगू लागली.

त्याच वर्षी धाकटी महिन्याभरासाठी माहेरी गेली. बाबांच्या खोलीत आता ताई झोपत होती. कुणी तिला काही बोललं नाही. काकाही नाहीत. ते रविवारी आले, चहा प्यायले आणि तिच्या कारखान्याची चौकशी करून गेले.

परतायच्या आदल्या दिवशी शेजारच्या काकू भेटायला आल्या. बसल्या बसल्या कळवळून म्हणाल्या, "बिचारी गं तू. वडील एवढे आजारी, आणि तुला तिकडून सोडत नव्हते म्हणे."

ताई समोर कपडे घड्या करत होती. तिने मान वर केली नाही. हातातला टॉवेल मात्र अर्धा दुमडून थांबला.

"सोडत होते, काकू," धाकटी म्हणाली. "मीच आले नाही."

काकू गोंधळल्या. ताईने टॉवेलची घडी पुरी केली, तो बाजूला ठेवला आणि काकूंना विचारलं की चहात साखर किती घालू.