दारवाले मामा आणि अण्णांची खुर्ची

घरांना दारं न लावणारं गाव म्हणून शनिशिंगणापूर सगळ्यांना माहीत आहे. माझे मामा त्या गावचे, आणि नगरला येऊन त्यांनी धंदा केला तो आपोआप उघडणारी दारं बसवण्याचा. आयटीआयचा फिटर झालेला माणूस. एमआयडीसीतल्या गोदामांची सरकती फाटकं, दुकानांची काचेची दारं, सगळं त्यांच्या हातचं. त्यांच्या स्वतःच्या घराच्या चौकटीत मात्र शेवटपर्यंत फक्त पडदा होता. नगरमध्ये ते ‘दारवाले मामा’ म्हणूनच ओळखले जात.

माझे वडील, अण्णा, निवृत्त मुख्याध्यापक. मेहुण्याला ते थट्टेने ‘इंजिनीअरसाहेब’ म्हणत. “इंजिनीअरसाहेब, ज्याच्या घराला दार नाही, त्याला दारातलं काय कळणार?” असं त्यांनी एकदा पंगतीत विचारलं होतं. मामांनी भाताचं आळं करता करता उत्तर दिलं, “दाजी, टकल्याच्याच कंगव्याचे दात शाबूत राहत्यात.”

पण अण्णांच्या म्हणण्यात थोडं तथ्य होतं. मामांची दारं झटकन उघडत आणि मिटायला मात्र आढेवेढे घेत. कुणाला अडवणं हे दाराचं काम आहे, हेच मामांना मनातून पटलेलं नव्हतं. एका साडीच्या दुकानाचं दार त्यांनी इतकं आतिथ्यशील करून ठेवलं की भर मे महिन्यात एक गाय त्यातून आत गेली आणि एसीखाली उभी राहिली. मालक तणतणत वर्कशॉपात आला. मामा म्हणाले, “शेठ, उन्हाची गाय दारात आली तर लोक पाया पडत्यात. तुमी भांडाय आलात व्हय?” मालक मात्र दार बदलून घेऊनच गेला.

मी वर्कशॉपात गेले की ते मला शिकवत. मी कॉलेजच्या वाचनालयात काम करते, यंत्रातलं मला काही कळत नाही, ही त्यांच्या दृष्टीने उत्तम पात्रता होती. ते म्हणत, “ताई, जोर सगळीकडंच हाय. नुसता कोंडलेला. त्याला एकच वाट ठिवायची, मग तो गपगुमान आपलं काम करतो.” हे काम करून घ्यायचे त्यांच्याकडे तीन प्रकार होते: तेलाचा दाब, हवेचा दाब आणि विजेची मोटर. “तेल म्हंजी म्हैस. हळू चालती, पण वाटंत भिंत असली तर भिंत पडती. हवा म्हंजी शेळी. चपळ लई, पण नेम न्हाई, कवा उडी मारंल. आन् वीज म्हंजी आमचे दाजी. सांगितलं तेवढंच करनार, बोटभर जास्त न्हाई.”

तीन वर्षांपूर्वी अण्णांना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू लुळावली, मग थोडी सावरली. उभं केलं की काठी घेऊन ते चालू शकत; पण बसल्या जागेवरून त्यांना उठता येत नसे. ज्यांच्या पावलांच्या आवाजाने वर्ग उभे राहत, त्या माणसाला दोन्ही बगलांत हात घालून आम्ही मायलेकी उचलत होतो. ते आमच्याकडे बघत नसत. पुढे पुढे त्यांनी पाणी पिणं कमी केलं. मोरीत जायला सारखं उठावं लागू नये, म्हणून. त्रास सुरू झाला तेव्हा डॉक्टर आईला रागावले आणि आई अण्णांना रागावली. अण्णा म्हणाले, “मला तहानच लागत नाही.” आयुष्यात खोटं न बोललेला माणूस, त्यामुळे त्यांना ते नीट जमलंही नाही.

आईने भावाला फोन केला. मामांनी एवढंच विचारलं, “आक्का, दाजींचं वजन किती?” आई म्हणाली, “असतील की पोत्याएवढे.”

आठवड्याने मामा टेम्पोतून खुर्ची घेऊन आले. बैठकीखाली हवेची नळी, नळीत दट्ट्या, शेजारी कॉम्प्रेसर. मागून हवा सोडली की दट्ट्या पुढे येणार आणि बैठक मागच्या बाजूने उचलून माणसाला उभं करणार. ज्वारीचं पोतं ठेवून त्यांनी रोज तालीम घेतली होती. पोतं कसं अदबीने उठतं, हे त्यांनी आम्हाला हाताने करून दाखवलं.

पण आईच्या डोळ्यांपुढचे अण्णा आजारापूर्वीचे होते. झटक्यानंतर पोतं निम्मं रिकामं झालं होतं, हे रोज बघणाऱ्या आम्हाला दिसलं नव्हतं. अण्णा बसले. मामांनी कळ दाबली. फुस्स असा आवाज झाला आणि अण्णा उठले नाहीत, सुटले. चष्मा उपम्याच्या पातेल्यात पडला. मामांनी त्यांना मधेच कवेत धरलं. दोघे खोलीच्या मध्यावर गळ्यात गळा घालून उभे, आणि कॉम्प्रेसर धडधडतोय.

“इंजिनीअरसाहेब,” अण्णा हळूच म्हणाले, “मी उभा आहे का?”

“उभे हाय, दाजी.”

“मग आता सोडा मला.”

त्या दिवशी आजारपणानंतर प्रथमच अण्णा हसले. आई मात्र भावाशी दोन दिवस बोलली नाही.

“शेळीवर इस्वास टाकला, चुकलंच माजं,” म्हणत मामांनी खुर्ची परत नेली आणि विजेची करून आणली. दवाखान्यातल्या भंगारातल्या कॉटची मोटर तिला बसवली होती. मोटर गरगर फिरते, तिच्याबरोबर आट्यांचा दांडा फिरतो, आणि त्या दांड्यावर नट असतो. “नटाला फिरू द्यायचं न्हाई,” मामा सांगत होते, “धरून ठिवायचा. फिरता येत न्हाई म्हनून तो बिचारा पुढं सरकतो. आन् दाजींना वर ढकलतो.” खुर्ची इतकी सावकाश वर आली की अण्णांनी तेवढ्यात पेपरचा अग्रलेख संपवला. पण पुरती वर यायला चार बोटं बाकी असताना ती थांबली.

“अहो, हे पूर्ण का नाही होत?”

“शेवटचं चार बोटं तुमी उठायचं.”

“मग यंत्र कशाला?”

“पुरतं उचललं तर खुर्ची उभी राहील, दाजी. तुमी न्हाई.”

अण्णा संतापले. काठी आपटली. ‘अर्धवट काम’ या विषयावर मेहुण्याला दहा मिनिटं ऐकवलं. मामा हाताची घडी घालून उभे होते. शेवटी अण्णांनी दातओठ खात चार बोटं उठून दाखवलं, ते निव्वळ मामांना दारापर्यंत घालवायला. संध्याकाळी त्यांनी आईकडे तांब्याभर पाणी मागितलं.

मग मामा महिन्याकाठी तेल घालायला म्हणून येऊ लागले. खुर्चीखाली पाठीवर पडून पाना फिरवायचे, चहा प्यायचे, अण्णांच्या शिव्या खायचे. खुर्ची दिवसेंदिवस थकत चालली होती; आधी कमरेपर्यंत यायची, मग त्याहून कमी. “इंजिनीअरसाहेब, तुमचं यंत्र माझ्याआधी म्हातारं झालं,” अण्णा म्हणत. मामा कबूल करत, “भंगारातलं हाय, दाजी. सांभाळून घ्या.” आणि अण्णा कुरकुरत, काठीवर भार देत, सांभाळून घेत.

गेल्या पौषात मामा एका फाटकाचं काम करता करता गेले. हृदय बंद पडलं. शिंगणापूरला माणसं इतकी जमली की अंगण पुरलं नाही.

तेराव्यानंतर मी एमआयडीसीतून एक मेकॅनिक बोलावला. आता खुर्ची जेमतेम वीतभर उठत होती, आणि मामा नव्हते. तो खाली वाकला, विजेरी मारली, आणि बोटाने काहीतरी मोजत गेला.

“ताई, मोटर ठणठणीत आहे,” तो म्हणाला. “खुर्ची कुठं थांबवायची त्याचा स्विच असतो. तो कुणीतरी खाली खाली आणलाय. हे बघा, दर वेळी लाल रंगाची रेघ मारलीय. अकरा रेघा आहेत.” त्याने पाना काढला. “वर सरकवून देतो. पाच मिनिटांचं काम आहे. मग पूर्ण उचलेल.”

मी अण्णांकडे पाहिलं. ते मेकॅनिकला जागा द्यावी म्हणून मघाशीच उठून खिडकीशी जाऊन उभे राहिले होते. काठी खुर्चीलाच टेकलेली राहिली होती.

“वर नको,” अण्णा म्हणाले. “बारावी रेघ मार. दोन बोटं खाली.”