रुबेनकाका आणि बॉनेटचा खटका

रविवारी सकाळी माझ्या नवऱ्याने, दानिएलने, पिकअपमध्ये रोपं भरली. रेडिएटरमध्ये पाणी घातलं. बॉनेट मी लावलं. रामल्याच्या रस्त्यावर ते उघडलं आणि काचेवर आलं. गाडी रस्त्यावरून उतरली आणि दाराच्या बाजूने झाडावर आदळली. दुपारी दोन वाजता दानिएल इस्पितळात वारला.

पोलिसांच्या कागदावर एवढंच होतं की चालत्या गाडीचं बॉनेट उघडलं. ते कोणी लावलं होतं, हे कागदावर नव्हतं. मला कोणी विचारलं नाही आणि मीही कोणाला सांगितलं नाही.

आम्हा ज्यूंमध्ये माणूस गेलं की घरची माणसं सात दिवस घराबाहेर पडत नाहीत, जमिनीलगत बसून राहतात. भेटायला येणाऱ्यांनी आपण होऊन बोलायचं नसतं, घरच्याने तोंड उघडेपर्यंत थांबायचं असतं. चौथ्या दिवशी रुबेनकाका आले. सिनेगॉगमध्ये त्यांना लांबून पाहिलेलं होतं, ओळख अशी नव्हती. ते कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसले, समोर आलेलं उकडलेलं अंडं शांतपणे खाल्लं, रुमालाला बोटं पुसली आणि भरल्या खोलीत विचारलं, "मोटार कुठाय?"

मोझेलमावशींनी, म्हणजे त्यांच्या बायकोने, त्यांना कोपराने ढोसलं. "अहो, काय बोलताय? जागा बघा जरा!"

"जागा बघूनच विचारतोय. उघड्यावर ठेवली असंल तर गंज धरंल."

त्या चार दिवसांत मी पहिल्यांदा कोणाच्या प्रश्नाला नीट उत्तर दिलं. गाडी इमारतीच्या मागे आहे, मी म्हणाले. ते उठले, खाली गेले, बऱ्याच वेळाने वर आले आणि म्हणाले, "ताडपत्री घातलीय." बस, एवढंच. सांत्वनाचा एक शब्दही न बोलता गेलेला तो एकच पाहुणा.

रुबेनकाका मूळचे अलिबागकडचे, वाढले मुंबईत. परळच्या रेल्वे वर्कशॉपमध्ये फिटर होते. इथे, लोदला आल्यावर विमानतळाच्या कारखान्यात लागले आणि तिथूनच निवृत्त झाले. त्यांची मराठी मुंबई सोडली त्या दिवशी जशी होती तशीच राहिलेली. गाडीला मोटार, रस्त्याला रोड आणि कारखान्यातल्या कुठल्याही वरिष्ठाला साहेब. त्यांचे खरे साहेब एकच, परळचे जुने अँग्लो-इंडियन फोरमन. ते कधीच वारले होते. तरी रुबेनकाका प्रत्येक जॉब हातात धरून खिडकीच्या उजेडात फिरवायचे आणि स्वतःशी विचारायचे, "साहेब पास करंल काय?" बहुतेक वेळा साहेब पास करत नसत. मग काका खास इंग्रजीत "रिजेक्ट" म्हणून तो तुकडा डब्यात टाकायचे आणि नव्याने सुरुवात करायचे. त्यांच्या मुलीला, ओर्लीला, याचा वैताग यायचा. ती "अब्बा, दाय!" म्हणजे बाबा, पुरे, असं हिब्रूत ओरडायची. काका मराठीत म्हणायचे, "तुझं दाय तुझ्यापाशी ठेव. जॉब माझा आहे."

सहा महिने गाडी ताडपत्रीखाली उभी होती. अमेरिकन पिकअप, पन्नासच्या दशकातली, गोल नाकाची. दानिएलने ती एका शेतकऱ्याकडून घेतली होती आणि तिच्या मागे आपल्या नर्सरीतली रोपं भरून तो गावोगाव हिंडायचा. मला ती नजरेसमोर नको होती. कामाला जाताना मी इमारतीला उलटा वळसा घालून बसस्टॉपवर जायची. शेवटी एका शुक्रवारी, ताडपत्री नीट आहे का ते बघायला आलेल्या रुबेनकाकांना म्हटलं, भंगारवाला बघा.

"देऊ की भंगारात," ते म्हणाले. "पण अशी नाय. बॉनेट दोरीनं बांधलंय तिचं. खटका करून लावू, मग दे कुठं द्यायची ती."

"भंगारातच जायची तर खटका कशाला, काका?"

"अगं, माणूस आंघोळ घालून पाठवतात ना?"

मी गाडीची किल्ली आणून त्यांच्या हातात दिली.

दर शुक्रवारी सकाळी मी त्यांच्या गॅलरीत जाऊ लागले. तिथे एक लाकडी बाक, त्यावर लोखंड घट्ट पकडून ठेवणारा शेगडा आणि परळहून आणलेली हत्यारांची पेटी होती. पेटीतली सगळी हत्यारं इंची. विमानतळावर सगळं मिलिमीटरमध्ये, त्यामुळे तीस वर्षं पेटीला कामच नव्हतं आणि मित्र त्यांची थट्टा करायचे. गाडी अमेरिकन, तिचे बोल्ट इंची. पहिला पाना बोल्टवर चपखल बसला तेव्हा रुबेनकाकांनी माझ्याकडे असं बघितलं की जणू गावचं माणूस भेटलं.

त्यांची पद्धत अशी की कुठलीही वस्तू लोखंडात करण्याआधी पुठ्ठ्यात करून पाहायची. मी लोदच्या वाचनालयात काम करत होते. त्याच सुमारास आमच्याकडे कॉम्प्युटर आला आणि पुस्तकांच्या नोंदींची हजारो कार्डं रद्दीत निघाली. मी पिशवी भरून त्यांना नेऊन दिली. ते खूश. "असा कडक कागद पैशे देऊन मिळत नाय!" कार्डावर पेन्सिलीने आकार काढायचे, कात्रीने कापायचे, गाडीत लावून बघायचे, पुन्हा कापायचे. त्या खटक्याची पहिली सात रूपं पुस्तकांच्या नावांसकट कापली गेली.

लोखंडाची पट्टी आणायला त्यांनी ओर्लीला पाठवलं. "दोन सूत जाडीची आण," म्हणाले. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, हे मुंबईच्या फिटरला आईच्या दुधाबरोबर मिळतं. लोदमध्ये जन्मलेल्या ओर्लीला कुठून ठाऊक असणार? तिने दुकानात जाऊन दोन मिलिमीटरचा पत्रा आणला.

काकांनी तो दोन बोटांत धरून वाकवला. "हे काय, बिस्किटाचा डबा करायचाय?"

ओर्ली हिब्रूत म्हणाली, "तुम्ही दोन म्हणालात, मी दोन आणला."

"दोन काय? दोन काय ते ऐकलंस का?"

"अब्बा, या देशात दोन म्हणजे दोनच असतात!"

मोझेलमावशी आतून हसत होत्या. मीही हसले. सहा महिन्यांनी हसले, हे मला हसून झाल्यावर कळलं.

ओर्ली पत्रा बदलून आणायला गेली. मावशी चहा टाकत होत्या. काकांनी गाडीतून सोडवून आणलेला जुना खटका बाकावर ठेवला होता. त्याची जीभ, म्हणजे बॉनेटची खुंटी धरून ठेवणारा तुकडा, मुळाशी तुटली होती. तुटलेलं टोक पुढच्या जाळीच्या तळाशी पडलं होतं, ते काकांनी लोहचुंबक सोडून काढलं होतं. मी त्या तुकड्याकडे बघत होते आणि माझ्या तोंडून निघून गेलं.

"काका, बॉनेट मी लावलं होतं."

"कधी?"

"त्या दिवशी. त्याचे हात चिखलाचे होते, म्हणून मला लाव म्हणाला. मी लावलं, पण खट् आवाज झाला का ते मला आठवत नाही. रोज आठवून बघते. नाही आठवत."

दुसरं कोणी असतं तर म्हणालं असतं, असं मनात आणू नकोस. रुबेनकाकांनी विचारलं, "कसं लावलंस? करून दाखव."

मी दोन्ही तळवे बाकावर ठेवून दाबून दाखवलं.

"हं." त्यांनी दोन्ही तुकडे उचलून माझ्या हातात दिले. "चष्मा लाव. कुठं तुटलंय ते बघ. पुसू नको, नुसतं बघ."

तुटलेली बाजू दोन रंगांची होती. बराच भाग काळाकुट्ट आणि कडेची नखाएवढी पट्टी तांबूस, वरवर गंजलेली.

"काळं आहे ना, ती जुनी चीर. वर्षानुवर्षं तिच्यात ग्रीस आणि धूळ जाऊन बसलीय. तांबडी पट्टी आहे ती त्या दिवसाची. म्हंजे तीन भाग आधीच तुटलेलं होतं, एका भागावर सगळं बॉनेट धरून होतं. ही चीर आतल्या अंगाला. सोडवून काढल्याशिवाय कोणाला दिसली नसती. दानिएलला नाय, मला नाय, साहेबालापण नाय."

मी तो तुकडा उजेडात धरून फिरवला.

"आणि दुसरं सांगतो. तू नीट लावलं नसतंस तर काय झालं असतं? बॉनेट नुसतं वर आलं असतं. जीभ शाबूत राहिली असती. लागलाच नाय तो खटका तुटेल कसा? धरून होता म्हणून तुटला. तू लावलंस, पोरी. बरोबर लावलंस."

"तुम्ही मला बरं वाटावं म्हणून सांगताय."

ते खरोखर चिडले. इतकं चिडलेलं मी त्यांना नंतर कधी पाहिलं नाही. "चाळीस वर्षं फिटर आहे मी! तुला बरं वाटावं म्हणून खोटा जॉब पास करीन? मोझेल, हिला सांग, मी कधी कोणाला बरं वाटेलसं बोललोय?"

मावशी चहाचे कप घेऊन दारात उभ्या होत्या. "कधीच नाही," त्या म्हणाल्या. "लग्नातसुद्धा नाही."

तेव्हा मी रडले. शोकाच्या सात दिवसांत रडले नव्हते तशी. काकांनी तोंड वळवलं आणि शेगड्यात काहीच नसताना त्याचा दांडा फिरवत राहिले.

नवीन जीभ तयार व्हायला आणखी तीन शुक्रवार लागले. पहिली साहेबांनी रिजेक्ट केली. दुसरी बसवल्यावर काका म्हणाले, "लाव."

मी मागे सरले. ते बाजूला उभे राहिले, हात पाठीशी बांधून. "नवा खटका दहा वेळा लावून बघायचा असतो. माझी कंबर धरलीय. तू लाव."

मी लावलं. त्यांनी उघडलं. मी पुन्हा लावलं. दहा वेळा. वरच्या मजल्यावरची रशियन बाई खिडकीतून बघत होती, तिला आम्ही दोघं वेडे वाटलो असणार. दहाव्या वेळी काकांनी बॉनेटवर पुढून-मागून जोर लावून पाहिला. ते हललं नाही. "पास," ते म्हणाले. कंबर त्यांची ठीक होती, हे मला मोझेलमावशींनी पुढे कधीतरी सांगितलं.

गाडी भंगारात गेली नाही. बीरशेबाकडच्या एका तरुण नर्सरीवाल्याने ती चेपलेल्या दारासकट नेली. रुबेनकाकांनी त्याला बाजूला घेऊन अर्धा तास त्यांच्या हिब्रूत ग्रीस कुठे आणि कधी लावायचं ते समजावलं. मी आभार मानायला गेले तर म्हणाले, "थँक्यू काय करतेस? ती कार्डं उरली असतील तर घेऊन ये."

त्यानंतर सात-आठ वर्षं मी दर शुक्रवारी त्यांच्याकडे जात राहिले. कधी कोणाच्या शिवणयंत्राचा दांडा चालू असायचा, कधी सिनेगॉगच्या दाराची बिजागरी. त्यांनी त्या दिवसाचा विषय पुन्हा काढला नाही, मीही नाही. नंतर त्यांचे हात थरथरू लागले, तरी ते कार्डावर आकार काढत आणि मी कापत असे.

गेल्या हिवाळ्यात रुबेनकाका गेले. मी त्यांच्या घरी चारही भिंतींना टेकून बसलेल्या माणसांत जाऊन बसले, आणि ओर्लीने तोंड उघडेपर्यंत थांबले. जो तो त्यांनी काय काय दुरुस्त करून दिलं ते सांगत होता. कुकर, पंखा, व्हीलचेअर. तिने मला विचारलं, तुमचं काय केलं होतं अब्बांनी? मी म्हणाले, बॉनेटचा खटका. उरलेलं तेवढ्या माणसांत सांगता आलं नाही, म्हणून इथे लिहिलं आहे. ओर्लीला मराठी वाचता येत नाही. तिला मी हे हिब्रूत वाचून दाखवणार आहे.

मी बॉनेट बरोबर लावलं होतं हे काकांनी सांगितलं त्याच्या आधी सहा महिने दानिएलची आठवण म्हणजे मला फक्त ती एक सकाळ होती. आमचा संसार एकोणीस वर्षांचा. ती एकोणीस वर्षं आता माझ्याकडे आहेत.