पठारावर पहिली कोण

सासरी मेढ्याला आमची गवळीण म्हैस दारात आणून दूध काढून द्यायची आणि माणसांशी, म्हशीशी एकाच सुरात बोलायची. "सरक गं, आडवी येऊ नगंस," म्हणाली की म्हैस सरकायची, आणि दारातली मीही.

इंग्रज जाऊन स्वराज्य यायच्या आदल्या वर्षी नवरात्राच्या तोंडावर आळीतल्या आम्ही सात-आठ बायका रान चढून पठारावरची सोनकीची पिवळीधमक फुलं बघायला निघालो. सोबतीला ती आणि तिची म्हैस. मी सांगलीच्या सपाटीवरची नवी सून, पण ऐट केवढी! "पहिली मीच पोचणार, नाहीतर सगळ्यांना पुरणपोळ्या!" म्हणून बसले. पहिल्याच चढाला मागे पडले आणि दगडावर बसून रडू लागले. बाकीच्या वळणाच्या वाटेनं पुढे गेल्या.

गवळीण म्हैस घेऊन माझ्यापाशी थांबली. "उठा वैनी, शेपूट धरा."

"कुणाचं?"

"मला हाय का?"

म्हशीनं मला गुरांच्या वाटेनं सरळ वर ओढत नेलं. पठार लागताच गवळीण म्हणाली, "सोडा आता. आल्या त्या."

पुढे कित्येक वर्षं मी पाहुण्यांना पहिल्या नंबराची फुशारकी ऐकवली. ती दूध घालायची. जाताना म्हशीच्या पाठीवर थाप मारून एवढंच म्हणायची, "चल गं बाई. तू दुसरी आलीस."