निकाल सांगू नका

ऐंशीच्या दशकात लंडनमधल्या हाउन्सलोच्या बसस्टॉपवर एक मराठी गृहस्थ मला रोज भेटायचे. डोक्यावर अमेरिकन बेसबॉल टीमची लाल टोपी आणि तोंडात एकच वाक्य, "ताई, निकाल सांगू नका हं!" हाउन्सलोत बेसबॉलच्या मॅचचा निकाल कुणाला ठाऊक असणार? ते हीथ्रोवर विमानं साफ करायचे. प्रवाशांनी टाकलेल्या शिळ्या अमेरिकन पेपरांतून त्यांना मॅच कळायच्या. खेळाचे नियम मात्र कळत नव्हते.

"मग ही टीम कशी आवडली?" मी एकदा विचारलं.

"कामाचा पहिला आठवडा होता. थंडीनं रडकुंडीला आलो होतो. सीटखाली पेपर सापडला. त्यात हरलेल्या टीमचा फोटो, सगळे माना खाली घालून बसलेले. म्हटलं, ही तर आपलीच माणसं!"

एका वर्षी त्यांच्या टीमची फायनल झाली आणि दुसऱ्याच दिवशी एक धिप्पाड अमेरिकन बसमध्ये चढला. टोपी बघून तो खुलला. त्यानं तोंड उघडताच गृहस्थांनी कानांत बोटं घालून मोठ्यानं आरती सुरू केली. ड्रायव्हरसकट सगळी बस ओरडली, "डोन्ट टेल हिम!"

बिचारा गप्प बसला, पण उतरताना माझ्या कानात निकाल सांगून गेला.

दुसऱ्या दिवशी माझा चेहरा पाहताच गृहस्थ दचकले. "ताई, तुम्हाला कळलंय! पेपर मिळेपर्यंत पुढच्या स्टॉपवर थांबा."

मी थांबले, आठवडाभर, पावसात. मग एका सकाळी ते पेपर फडकवत धावत आले.

"जिंकलो, ताई!"

आणि सगळं माहीत असूनही मी भर रस्त्यात उडी मारली.