मॅडमचे हात

डेंटल कॉलेजात आमच्या मॅडम हात पाठीमागे बांधून हिंडायच्या. पेशंटच्या खुर्चीशी उभं राहिलं की आमचं अर्धं लक्ष दाताकडे आणि अर्धं त्या हातांकडे. हात मागे आहेत तोवर आपलं चाललंय. सुटले, की दाढ काढायचा चिमटा मॅडमकडे गेला आणि केसही गेली! माझ्या आधीच्या केसेस अशाच गेल्या होत्या. लांज्याहून आई फोनवर विचारायची, "काढलीस काय गो एखादी दाढ?" तेव्हा मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

त्या दिवशी खुर्चीत आंजर्ल्याचे एक आजोबा होते. सगळा जन्म बोटीवर काढलेला माणूस, पण सुई बघून डोळे गच्च मिटून बसला. खालची दाढ होती. इंजेक्शन दिलं, थोडी थांबले आणि पुस्तकी भाषेत विचारलं, "आजोबा, बधिर झालं का?"

"नाय गो बाय, कान चांगले हायत माझे!"

आजूबाजूच्या खुर्च्यांवरही हशा पिकला. मॅडम तेवढ्या हसल्या नाहीत. आमच्याकडे पहिली सुई पेशंटला नाही, वर्गातल्या जोडीदारालाच टोचायची पद्धत होती. "तुला टोचलं तेव्हा काय वाटलं होतं?" त्या म्हणाल्या. "तेच विचार त्यांना."

"आजोबा, ओठ सुजल्यासारखा वाटतोय?"

"व्हय व्हय. घावनाएवढा झालाय."

दाढ उपटायची नसते. ती धरून हळूहळू डोलवायची, मग हाड आपणहून जागा देतं. पण हे हाड काही केल्या ऐकेना. मला घाम फुटला. आता गेली केस, म्हणून चोरून पाहिलं, तर मॅडमचे हात मागेच. मी पुन्हा डोलवायला लागले. आणि एका क्षणी आत काहीतरी सैल झालं, ते थेट माझ्या बोटांना कळलं. दाढ मुळांसकट बाहेर! माणसाच्या हाडाने माझं ऐकलं होतं. मी थक्क होऊन बघतच राहिले.

आजोबांनी डोळे उघडले आणि तोंडात कापूस धरूनच मॅडमना हात जोडले. "बाईंचा हात हलका हाय हो."

"माझे हात मागेच होते, आजोबा. तिने काढली."

एवढं बोलून मॅडम पुढच्या खुर्चीकडे वळल्या. तेव्हा मला त्यांचे हात पहिल्यांदाच नीट दिसले. एका मनगटावर त्यांच्याच बोटांचे लालभडक वळ उठले होते.