मल्लूअण्णांचा कान आणि समुद्रातलं कासव

लोक समुद्राखाली जाऊन येतात आणि फोटो दाखवतात. आम्ही तिघं जाऊन आलो, तर आमच्या फोटोत एक तर माझा अंगठा आहे, नाही तर वस्तादाचं पोट. दाखवायला काही नाही, म्हणून सांगायलाच एवढं साचलंय.

तिघं म्हणजे कोण, ते आधी ऐका. मी, शाहूपुरीत पंक्चरचं दुकान चालवून दमलेला. वस्ताद, एकेकाळचा पैलवान, आता तालमीत शिकवतो. आणि मल्लूअण्णा, मूळचे कबनूरचे, यंत्रमागाच्या खडखडाटात उभा जन्म गेलेला, आता कोल्हापुरात मुलाकडं असतात. तिघांचीही साठी उलटलेली. रोज सकाळी एकाच विहिरीत पोहतो.

बेत अण्णांचा. दर सोमवारी ते महादेवाच्या देवळातल्या दगडी कासवाच्या पाया पडतात. एकदा म्हणाले, "दगडाच्या लई पाया पडलो. जित्तं कासव एकदा त्येच्या घरात जाऊन बघायचं हाय." कानाच्या डॉक्टरनं तपासून कागद दिला, पण बजावलं, कान नाजूक आहे, यंदा जा, पुढच्या वर्षी मी सही करणार नाही. म्हणून लक्षद्वीपचं एक लांबचं बेट गाठलं. तीन दिवस, तीन बुड्या.

*

पाण्यात घालायचा रबरी सूट असतो, अंगाला चिकटून बसणारा. त्याची चेन पाठीवर येते. वस्तादाला मी सांगितलं, चेन पुढं, शर्टासारखी.

वस्ताद अर्धा तास झटून आत शिरला. पोटावर चेन काही बसेना, तशीच उघडी ठेवून बोटीपर्यंत चालत आला. शिकवणाऱ्या साजिदा मॅडम बघतच राहिल्या. त्यांनी हिंदीत विचारलं, असा कसा घातला? वस्ताद खूश होऊन म्हणाला, "पाठीला जरा आवळतंय, पर पोटाला मोकळं हाय."

*

मॅडमचा पहिला नियम, पाण्याखाली श्वास कधी धरायचा नाही. नळीतून घेत राहायचा, सोडत राहायचा. तीन वेळा सांगितलं. वस्तादानं तिन्ही वेळा मान डोलवली.

पण आमची रीत विहिरीतली. तिथं बुडी मारली की काठावरचे आकडे मोजतात, आणि जो उशिरा वर येतो तो मोठा. कमरेएवढ्या पाण्यात मॅडमनी वस्तादाला खाली बसवलं. माझे बुडबुडे निघतायत, अण्णांचे निघतायत, वस्तादाचा एकही नाही. मॅडम घाबरल्या, त्याला काखेत धरून वर ओढला.

वस्तादानं नळी काढली आणि छाती फुगवून विचारलं, "किती मोजलासा?"

*

कांदा-लसणाची चटणी आम्ही डबाभर नेलती. बोटीवर मॅडमनी हौसेनं भाकरीबरोबर चमचाभर खाल्ली. एका दमात पाण्याची बाटली संपवली. तासाभरानं मास्क घालून पाण्यात उतरल्या आणि लगेच वर आल्या. मास्क पाण्यानं भरला होता. वस्ताद म्हणाला, गळतोय वाटतं. मॅडम म्हणाल्या, बाहेरून नाही.

*

पहिल्या बुडीला अण्णांचा कान अडला. खाली जाताना नाक दाबून कानात हवा सोडायची असते, म्हणजे दाब सुटतो. अण्णांचा सुटेना. पुरुषभर खाली गेले की कळ यायची आणि मॅडम त्यांना वर घेऊन जायच्या. मी म्हटलं, अण्णा, सारा जन्म टायरात हवा भरली, तुमच्या कानाला माझा पंप लावू काय? ते हसले नाहीत.

रात्री बायकोचा फोन आला. तिला सांगितलं, पाण्याखाली बोलताच येत नाही, चाळीस मिनिटं पाठीवर हवेची टाकी आणि तोंडात तिची नळी.

ती म्हणाली, "मग ती टाकी घिऊनच या की घरला."

*

दुसऱ्या दिवशीही अण्णा वरच राहिले. आणि नेमकं त्याच दिवशी मला आणि वस्तादाला कासव दिसलं. वर येता येता मी वस्तादाला खुणा केल्या, अण्णांना सांगायचं नाही. बोटीवर अण्णांनी विचारलं, तर मी तोंड पाडून म्हटलं, कशाचं कासव, नुसती मासळी.

तेवढ्यात वस्ताद शिडीवरनं डोकं वर काढून म्हणाला, "बैलगाडीच्या चाकाएवढं हुतं!"

जन्मभर लोकांना फसवलं, आणि एकदा चांगल्या कामासाठी खोटं बोललो तर हे असं. अण्णा कानाला हात लावून समुद्राकडं बघत बसले. एकच बुडी उरली होती.

*

तिसऱ्या दिवशी मॅडमनी नांगराची दोरी अण्णांच्या हातात दिली. हातभर उतरायचं, थांबायचं, नाक दाबायचं, परत हातभर. मी आणि वस्ताद तळाशी वाट बघत होतो. अर्धी हवा त्यातच संपली. एक पुरुष झाला, दोन झाले. अण्णांनी कानाकडं बोट करून होकाराची मान हलवली. कान सुटला होता.

कासव पोवळ्याच्या कपारीत काहीतरी खात होतं. मॅडमनी बोट दाखवलं. अण्णांची एक नजर पडली असेल-नसेल, कासवानं मान वळवली आणि सरळ त्यांच्याकडं निघालं.

अण्णांनी हात जोडले. आणि डोळे मिटले.

कासव त्यांच्या तोंडासमोर हातभरावर येऊन थांबलं. मला त्यांना कोपरानं ढोसायचं होतं, पण हललं की जनावर पळतं, हा मॅडमचा नियम. वस्ताद माझा दंड आवळून धरून होता. अण्णांचे बुडबुडे संथ वर चालले होते. कासव त्यांच्या मास्कच्या काचेत बघत राहिलं, बराच वेळ. मग वळलं, दोन हात मारले आणि निळ्यात दिसेनासं झालं.

त्यानंतर अण्णांनी डोळे उघडले. हवा संपत आली होती, मॅडमनी वर चला म्हणून खूण केली.

आम्ही बोटीवर चढलो. अण्णांनी मास्क काढला, तोंड पुसलं आणि विचारलं, "मी डोळं मिटल्यावर ते कुठं बघत हुतं?"

वस्ताद म्हणाला, "तुमच्याकडंच की."

"मग बास," अण्णा म्हणाले.