गाडी चालवणाऱ्याला टोकू नये

आधी माफी मागतो. आठवणी लिहायच्या त्या काही करून दाखवलेल्या माणसांनी. मी अजून बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे, आमच्या घरातून कॉलेजात गेलेला पहिलाच. शाळा हिंदीतून झाली, कॉलेज इंग्रजीतून, मराठी फक्त घरात बोलण्यापुरती उरली. त्यामुळे चुका होतील. पण गेले काही महिने मी ज्या भीतीत काढले, ती घरच्याच भाषेतली होती, म्हणून याच भाषेत लिहितो.

बाबा शाळेच्या मुलांची व्हॅन चालवतात. आम्ही राहतो शहराच्या जुन्या भागात, मल्हारगंजात. तिथल्या गल्ल्यांत हातगाडी, स्कूटर आणि गाय एकाच वेळी समोर आली, तर कोणी आधी जायचं हे ज्याचं त्याने ठरवायचं असतं. लहानपणी मी बाबांच्या शेजारच्या सीटवर बसायचो. तिथे बसण्याची एकच अट होती, तोंड उघडायचं नाही. "गाडी चालवणाऱ्याला टोकू नये," बाबा म्हणायचे, "ध्यान भटकतं." आई घराबाहेर निघालेल्यालासुद्धा 'कुठे' असं विचारू द्यायची नाही, कामात टोक लागते, म्हणजे अपशकुन होतो म्हणून. मोठ्यांना चुकून धक्का लागला, तर लगेच त्यांना स्पर्श करून हात छातीशी न्यायचा, हेही तेव्हाच अंगात भिनलं. मी शहाणा मुलगा होतो. सगळं दिसायचं, बोलत काही नव्हतो.

विमान उडवायला शिकलो ते सरकारी शिष्यवृत्तीवर, कॉलेज सांभाळून. लायसन्स हातात आलं तेव्हा आईने गल्लीत पेढे वाटले. मग कळलं की लायसन्स मिळणं आणि विमान मिळणं यात फार अंतर असतं. माझा एक सीनियर लायसन्स घेऊन राजवाड्याजवळ मामाच्या दुकानात साड्या दाखवतो. इथल्या कंपन्यांनी मला उत्तरसुद्धा दिलं नाही. उडणं सुटलं की हात विसरतात, आणि विसरलेल्या हातांना कोणी घेत नाही. रोज सकाळी उठताना मला त्या साड्याच दिसायच्या.

अशात युरोपातल्या एका स्वस्त तिकिटांच्या कंपनीची जाहिरात आली. त्यांनी ढीगभर नवी विमानं मागवली होती, नव्या शहरांत तळ उघडायचे होते, आणि पायलट कमी पडत होते. बाहेरच्या देशातल्या नव्या मुलांनाही ते घेणार होते, तिकडचं लायसन्स मिळेपर्यंतचं शिक्षण तेच देणार होते. मी अर्ज केला. ऑनलाइन परीक्षा पास झालो.

कॉलेजातला मित्र म्हणाला, "भिया," आमच्याकडे भावाला असंच म्हणतात, "सस्ती एअरलाइन आहे. लँडिंग झालं की पायलटलाच झाडू देतील."

"देऊ दे. मारेन."

"और सेव-परमल विकशील का सीटा-सीटांवर?"

मी हसलो. पण त्याच संध्याकाळी बातमी वाचली की त्या कंपनीची काही विमानं इंजिनांच्या दुरुस्तीसाठी उभी आहेत. दोन दिवसांनी वाचलं की नवा तळ उघडतोय. मग वाचलं की एक जुना बंद होतोय. जे देश मी नकाशात शोधून काढले, तिथल्या विमानतळांच्या बातम्या मी रात्री जागून वाचायचो. आई विचारायची, "कोण गेलं रे?" इतका माझा चेहरा उतरलेला असायचा.

मग बोलावणं आलं. भारतातल्या मुलांसाठी कंपनीने गुरुग्राममध्ये सिम्युलेटर घेतला होता. सिम्युलेटर म्हणजे जमिनीवरच उभं असलेलं नकली कॉकपिट, खऱ्यासारखं हलणारं. फ्लाइंग क्लबातल्या आमच्या सरांना सांगायला गेलो, तर ते म्हणाले, "बेटा, उडवता तर सगळ्यांना येतं. बोलता येतं का, ते बघतील. शेजारी बसलेला कॅप्टन मुद्दाम चूक करेल. तू टोकायचं. नाही ऐकलं तर पुन्हा टोकायचं. तरी नाही ऐकलं तर विमान आपल्या हातात घ्यायचं. आपली मुलं नेमकी इथेच नापास होतात."

आयुष्यात जे केलं नाही, नेमकं तेच करायचं होतं.

सराव म्हणून दुसऱ्या दिवशी बाबांच्या व्हॅनमध्ये शेजारी बसलो. मागे पोरं भरलेली. मी हळूच म्हणालो, "बाबा, डावीकडे सायकल."

"दिसते मला."

"बाबा, स्पीड."

"काय?"

"स्पीड जास्त आहे."

मागून पोरं एका सुरात ओरडायला लागली, "अंकलजी, स्पीड! अंकलजी, स्पीड!" एकजण म्हणाला, "भिया, आज तुम पिटोगे."

बाबांनी व्हॅन कडेला घेतली. आवाज न चढवता म्हणाले, "उतर."

मी उतरलो आणि चालत घरी आलो. गुरुग्रामला निघेपर्यंत बाबा माझ्याशी कामापुरतंच बोलले. निघताना आईने हातावर दही-साखर ठेवली. बाबा दारात उभे होते. कुठे, कधी, काही विचारलं नाही. टोक लागू नये म्हणून विचारलं नाही की राग होता, ते मला कळलं नाही.

तिथला कॅप्टन पिकलेल्या केसांचा, बाबांपेक्षाही मोठा. फार प्रेमळ. घरी कोण कोण आहे ते विचारलं, स्वतःच्या खिशातलं चॉकलेट दिलं. तो कठोर असता तर सोपं गेलं असतं. आम्ही बसलो. डावीकडे तो, उजवीकडे मी. उतरायची वेळ आली. समोर धावपट्टीचे दिवे दिसत होते, आणि वेग हवा त्यापेक्षा कितीतरी जास्त होता. मला दिसत होतं.

"सर..." मी म्हणालो. इतकं हळू की मलाच ऐकू आलं नाही.

"स्पीड," मी म्हणालो. तो समोर बघत राहिला. "कॅप्टन, स्पीड!" काही नाही. जमीन वर येत होती. ती खोटी आहे हे मी विसरलो होतो. एका ठराविक उंचीपर्यंत वेग आटोक्यात आला नाही, तर उतरायचं नाही, परत वर जायचं, हा नियम मला झोपेतही पाठ आहे. ती उंची गेली.

"गो अराउंड!" मी ओरडलो. मग, "आय हॅव कंट्रोल!" आणि इंजिनांच्या लिव्हरवरचा त्याचा हात डाव्या हाताने बाजूला ढकलून लिव्हर पुढे रेटले. विमान वर उठलं.

आणि तेव्हाच ते घडलं. एका म्हाताऱ्या माणसाचा हात मी झिडकारला होता. माझा डावा हात आपोआप लिव्हरवरून उठला, त्याच्या बाहीला लागला आणि माझ्या छातीशी आला. वर "सॉरी, सर" पण म्हणालो. ज्या क्षणी तो हात लिव्हरवरून हलता कामा नये, नेमका त्याच क्षणी. कॅप्टनने माझ्याकडे वळून पाहिलं. हसला नाही. दिवे लागल्यावर त्याने काहीतरी टिपलं, आणि मी पाण्याची बाटली शोधत राहिलो, जी माझ्या हातातच होती.

घरी येऊन सगळं सांगितलं. आई म्हणाली, "चांगलं केलंस. मोठ्यांचा मान ठेवलास." बाबा जेवत होते. त्यांचा घास थांबला.

"नमस्कार करायला स्टेअरिंग सोडलंस?"

"लिव्हर, बाबा."

"तेच ते." मग ताटातली पोळी मोडत म्हणाले, "बाकी तू टोकलंस, मोठ्याने?"

"ओरडलो."

"हं," बाबा म्हणाले आणि भाजी मागून घेतली.

मग वाट बघणं सुरू झालं. फोन वाजला की मी धावत जायचो, आणि तो रिचार्जचा मेसेज निघायचा. कंपनीने नव्या तळाची तारीख पुढे ढकलल्याची बातमी आली. माझ्याबरोबर गुरुग्रामला आलेल्या एका मुलाला नकार आल्याचं कळलं. तो माझ्यापेक्षा चांगला उडवायचा. त्या दिवशी मी राजवाडा टाळून मुद्दाम लांबच्या रस्त्याने घरी आलो, सीनियर दुकानाच्या दारात उभा असेल म्हणून.

परवा सकाळी बाबांनी स्वतःच बोलावलं, "चल, बैस शेजारी." पोरं यायची होती. गल्लीच्या तोंडाशी कोणीतरी आडवा टेम्पो लावला होता. बाबांनी व्हॅन हळू केली आणि समोर बघतच म्हणाले, "डावीकडचं सांग."

"हातगाडी आहे. थांबा. थांबा, बाबा. हं, आता चला."

तेवढ्यात फोन थरथरला. मेल कंपनीचं होतं. मला उघडवेना. बाबा म्हणाले, "वाच ना. मी काय टोकतोय का तुला?"

मी मोठ्याने वाचलं, आधी इंग्रजीत, मग जमेल तसं मराठीत. माझी निवड झाली आहे. नवी विमानं आली की पुढच्या तुकडीबरोबर शिक्षण सुरू होईल, तारीख नंतर कळवतील. खाली, मला काय सुधारायचं आहे त्या जागी, एकच ओळ होती. परत वर जाताना डावा हात लिव्हरवरच ठेवावा.